एव्हरस्माईल वसाहत, माहुल: केसपेपरवरचा पत्ता

चेंबूरहून माहुलकडे निघालं की रस्त्यावर टँकरांची रांग लागते, आणि ती संपता संपता आपण पोहोचतो. मोनोरेलच्या स्थानकांची नावं वाचली तरी परिसर कळतो: भारत पेट्रोलियम, फर्टिलायझर टाउनशिप. रस्त्याच्या टोकाला खाडी आहे आणि तिच्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. खाडीच्या अलीकडे एव्हरस्माईल वसाहतीच्या ७२ इमारती आहेत. त्या एकमेकींना इतक्या खेटून बांधल्यात की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो.

घरं पाडून इथे पाठवलेल्या विस्थापितांचं आंदोलन जोरात होतं त्या काळात मी तिथल्या आरोग्य शिबिरांत नोंदी लिहायला जात असे. पहिल्याच दिवशी पन्नाशीच्या एका बाई समोर बसल्या. विद्याविहारच्या तानसा पाइपलाइनलगतची त्यांची झोपडी २०१७ मध्ये पाडली गेली आणि त्यांना इथे आणलं. साडीच्या दुकानाच्या पिशवीत त्यांनी सगळे कागद नीट घडी घालून ठेवले होते. तीन दवाखान्यांचे केसपेपर, दोन एक्स-रे, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि दम्याचा एक संपलेला पंप. एका कागदावर ब्राँकायटिस लिहिलं होतं, दुसऱ्यावर अ‍ॅलर्जी, तिसऱ्यावर दमा आणि पुढे प्रश्नचिन्ह. तंबाखू? नाही. बिडी? नाही. घरात कोणाला टीबी? नाही. छापील प्रश्न तिथेच संपत होते. प्रत्येक केसपेपरच्या माथ्यावर खिडकीतल्या कारकुनाने पत्ता मात्र व्यवस्थित लिहिला होता. एकाही डॉक्टरने तो आजाराचा भाग म्हणून वाचला नव्हता.

दीर्घकाळ दूषित हवेत राहण्याचे परिणाम समजून घ्यायला माहुलइतकं बोलकं प्रकरण महाराष्ट्रात दुसरं मला माहीत नाही. इथे एकाच हवेत दोन तऱ्हेची माणसं राहिली. माहुल आणि अंबापाडा ही मूळ गावं कोळी आणि इतर जुन्या रहिवाशांची. त्यांच्या शेजारी १९५४ मध्ये एक तेलशुद्धीकरण कारखाना आला आणि १९५५ मध्ये दुसरा. तेच आजचे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम. मग ट्रॉम्बेचं वीज केंद्र आलं, साठच्या दशकात खतांचा कारखाना आला, आणि पुढे खाडीकाठी रसायनं व तेल साठवायच्या टाक्या उभ्या राहिल्या. कारखाने आले तेव्हा ही शहराची कड होती. शहर त्यांच्याभोवती नंतर वाढलं. गावकऱ्यांची तिसरी पिढी हा वास घेत जन्मली.

दुसरा गट प्रकल्पग्रस्तांचा. जलवाहिन्यांच्या दोन्ही बाजूंचा दहा-दहा मीटर पट्टा मोकळा करा असा उच्च न्यायालयाचा आदेश २००९ चा आहे. त्याची अंमलबजावणी, नाल्यांचं रुंदीकरण आणि इतर कामं यांत घरं गेलेल्या हजारो कुटुंबांना महापालिकेने या वसाहतीत पाठवलं. तिथे १७,२०५ खोल्या बांधून तयार होत्या आणि बऱ्याच रिकाम्या पडून होत्या. येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला अशा भागांतले होते. गरिबी तीच, अन्न तेच, काम तेच. बदलली ती हवा, आणि बदलल्याची तारीखही ठाऊक होती. आरोग्याचा अभ्यास करणाऱ्याला अशी संधी क्वचित मिळते. कोणी ती घेतली नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

आता या हवेत काय होतं ते पाहू, कारण सगळा गुंता तिथे आहे. आपण मोबाइलवर पाहतो तो हवा गुणवत्ता निर्देशांक आठ घटकांवर काढतात: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. तेल आणि रसायनांच्या वाफेत असणारं बेंझिन त्यात नाही. देशाच्या २००९ च्या मानकांत बेंझिनला वर्षाच्या सरासरीसाठी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, पण ते मानक निर्देशांकात येत नाही. टोल्युईन, झायलीन, स्टायरीन यांना तर आसपासच्या हवेसाठी देशात मानकच नाही. माहुलची मुख्य तक्रार नेमकी याच वाफांची होती. खोकून बेजार झालेला माणूस मोबाइल उघडतो आणि पडद्यावर हिरवं किंवा पिवळं दिसतं. यंत्र खोटं बोलत नाही. त्याला जे विचारलं तेवढंच ते सांगतं.

या वाफा नेहमी चिमणीतून येतात असंही नाही. मोठ्या टाकीत तेल किंवा रसायन भरलं की आतली वाफ बाहेर ढकलली जाते. टँकर भरताना तेच होतं. उन्हाने टाकी तापली की वाफ सुटते, झडपांच्या फटींतून झिरपते. ती धरून परत द्रवात आणायची यंत्रणा असते, ती बसवावी लागते आणि नीट चालवावी लागते. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वारा पडतो आणि वाफ वस्तीतच रेंगाळते. म्हणून रहिवासी रात्रीच्या आणि पहाटेच्या वासाबद्दल जास्त बोलायचे. शिबिरात घसा कोणत्या वेळी धरतो याचं उत्तर बायका घड्याळ लावल्यासारखं द्यायच्या. त्यांना उग्र वासाचे प्रकारसुद्धा वेगळे करता येत होते: गॅसचा, रंगासारखा, सडल्यासारखा. आम्ही वहीत ‘वास येतो’ एवढंच लिहीत होतो. आज वाटतं, तास आणि वास असे दोन रकाने करायला हवे होते.

या वाफा शरीरात काय करतात? बेंझिन श्वासातून रक्तात जातं, यकृतात त्याचं रूप बदलतं आणि जे तयार होतं ते हाडांतल्या मगजाला इजा करतं, जिथे रक्त बनतं. ल्युकेमियाशी, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाशी, त्याचा संबंध पक्का आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना बेंझिनसाठी कोणतीही पातळी सुरक्षित मानत नाही. पण हा कर्करोग दिसायला वर्षं जातात. २०१७ मध्ये आलेल्या माणसाला २०१९ मध्ये ‘दाखवा, कुठे आहे कॅन्सर?’ असं विचारणं म्हणजे आज लावलेल्या आंब्याकडे उद्या कैऱ्या मागणं.

टोल्युईन डायआयसोसायनेटची तऱ्हा वेगळी. ते फोम आणि रंगांच्या उद्योगात लागतं, आणि माहुलच्या हवेत ते आढळल्याची नोंद या प्रकरणात झाली. श्वासनलिका त्याला ‘ओळखू’ लागतात. एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे अगदी अल्प मात्राही दम्याचा झटका आणू शकते. कारखान्यातल्या कामगाराला असा दमा आहे की नाही हे ठरवताना अनुभवी डॉक्टर आधी विचारतात: सुट्टीत बरं वाटतं का? मी त्या बाईंना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, “बहिणीकडं साताऱ्याला गेले ना ताई, की आठ दिवसांत खोकला बसतो. पंप पिशवीतनं काढावा लागत नाही. परत आले की दुसऱ्या रात्री सुरू.” हे वाक्य त्यांच्या तिन्ही केसपेपरवर कुठेच नव्हतं.

तिसरी गोष्ट सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची. ती माहुलपुरती नाही, सगळ्या मुंबईची आहे. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाचे हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात, आणि वर्षानुवर्षं एक मंद दाह पेटता ठेवतात. त्याची झळ सर्वात जास्त रक्तवाहिन्यांना बसते. दूषित हवेने मरतो तो दम लागून मरतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात हवेमुळे होणाऱ्या मृत्यूंत हृदयविकार आणि पक्षाघात यांचा वाटा मोठा असतो. जागतिक आजारभाराच्या अंदाजानुसार भारतात २०१९ मध्ये सुमारे १६.७ लाख मृत्यू प्रदूषित हवेशी जोडलेले होते. माहुलच्या रहिवाशांनी आपल्यातून गेलेल्यांची यादी केली होती आणि आंदोलकांचा आकडा शंभराच्या पुढे जात होता. अशा यादीत पुष्कळ नावांपुढे ‘अटॅक’ लिहिलेलं असतं. ते वाचून ‘अटॅक तर कुणालाही येतो, त्याचा हवेशी काय संबंध’ असं सुशिक्षित माणसंही म्हणताना मी ऐकली आहेत. संबंध आहे. फक्त तो एका मृतदेहात दाखवता येत नाही.

इथे थांबून हे नीट सांगायला हवं, कारण माहुलच्या लोकांना पुन्हा पुन्हा याच ठिकाणी अडवलं गेलं. दीर्घकाळच्या प्रदूषणाचा पुरावा समूहात दिसतो. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांचा १४ ते १६ वर्षं मागोवा घेतला आणि १९९३ मध्ये निष्कर्ष छापले. धूम्रपान, वय, वजन, शिक्षण यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही सर्वांत दूषित शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघाला. त्या २६ टक्क्यांत कोण कोण होतं, हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही. माझ्यासमोरच्या बाईंचंच घ्या. विद्याविहारला त्यांनी वीस वर्षं रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक केला होता. नव्या घराची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीत उघडत होती आणि न्हाणीच्या भिंतीला बुरशी होती. यातलं किती स्टोव्हचं, किती ओलीचं, किती टाक्यांचं? कोणत्याही डॉक्टरला हे वाटे पाडता येणार नाहीत. पण वाटे पडत नाहीत म्हणून टाक्यांचा वाटा शून्य होत नाही. माझा सगळा वाद एवढ्यासाठी आहे.

बांधकामाचं मी मुद्दाम सांगते. माहुलची चर्चा करताना सगळं बोट कारखान्यांकडे जातं आणि इमारतींचा दोष सुटून जातो. दूषित हवा बाहेर असेल आणि घरात वाऱ्याला आरपार वाटच नसेल तर आत शिरलेली हवा आतच राहते. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत खालच्या, अंधाऱ्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. २२५ चौरस फुटांच्या खोलीत वासामुळे खिडकी बंद करायची की गुदमरतं म्हणून उघडायची, ही निवड त्या घरांत रोज रात्री व्हायची. लहान मूल असलेल्या एका घरात खिडकीच्या फटींना ओला पंचा लावलेला मी पाहिला. वाफेला पंचा अडवत नाही. मी त्या आईला ते सांगितलं नाही, आणि सांगायला हवं होतं की नको याचा निर्णय माझा अजून झालेला नाही.

आता पुराव्याचा दुसरा भाग. मुंबईत हवा आणि आरोग्य यांचा अभ्यास नवा नाही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकातच शहरातले कमी, मध्यम आणि जास्त प्रदूषणाचे तीन भाग आणि तुलनेला एक ग्रामीण भाग घेऊन ४,१२९ लोक तपासले होते. १९८० मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. म्हणजे मागोवा कसा घ्यायचा हे शिकायला आपल्याला परदेशात जायची गरज नव्हती. त्याच के. ई. एम.ने २०१३ मध्ये माहुल परिसरात पाहणी केली. ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती, ८६.६ टक्क्यांना डोळ्यांची जळजळ होती आणि ८४.५ टक्क्यांना छातीत कोंडल्यासारखं वाटत होतं. तारीख लक्षात घ्या. विद्याविहारची कुटुंबं २०१७ मध्ये आली. हे आकडे चार वर्षं आधी कागदावर होते.

या पाहणीची मर्यादाही आहे. लोकांनी सांगितलेली लक्षणं तिने एका वेळी नोंदवली, वर्षानुवर्षं मागोवा घेतला नाही. कारखान्यांच्या बाजूने युक्तिवाद झाला तो साधारण याच धाटणीचा: आम्ही मर्यादा पाळतो, वास आमचाच कशावरून, परिसरात इतरही उद्योग आहेत, वाहनं आहेत. प्रत्येक मुद्दा सुटा घेतला तर खोडणं अवघड. सगळे मिळून मात्र असं होतं की हवा सगळ्यांची आणि जबाबदारी कोणाचीच नाही.

पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने ही कोंडी फोडली ती कायद्याच्या एका साध्या तत्त्वावर. लवादाच्या २०१० च्या कायद्याचं कलम २० सांगतं की निर्णय देताना सावधगिरीचं तत्त्व आणि ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व लावायचं. माहुल-अंबापाड्याच्या रहिवाशांचा अर्ज २०१४ चा होता. १८ डिसेंबर २०१५ रोजी पश्चिम विभागाच्या खंडपीठाने म्हटलं की तिथल्या हवेच्या स्थितीमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं दिसतं. ‘कोणत्या वाफेने कोणाचा दमा’ हे सिद्ध होईपर्यंत थांबायची गरज नाही, हा त्याचा अर्थ. वैद्यकशास्त्राला जमलं नसतं ते कायद्याने केलं. याबद्दल मला त्या अर्जदारांविषयी फार आदर आहे. नोकऱ्या, होड्या आणि घरं सांभाळून त्यांनी तारखा केल्या, आणि पुढे विस्थापितांना उभं राहायला जी जमीन मिळाली ती त्यांनी तयार केलेली होती.

कारण उच्च न्यायालयात विस्थापितांचा मुद्दा तिथूनच पुढे गेला. ज्या जागी हवा धोक्याची आहे असं लवादाने सांगितलंय तिथे सरकार माणसांना सक्तीने कसं पाठवू शकतं? ऑगस्ट २०१८ मध्ये माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन आग लागली, चाळीसहून अधिक माणसं जखमी झाली आणि शेजारच्या इमारतींना हादरे बसले. त्या ऑक्टोबरपासून विद्याविहारच्या रस्त्यावर बायका-पोरांसह ठिय्या सुरू झाला. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने सरकारला सांगितलं की दुसरी घरं देता येत नसतील तर कुटुंबाला महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्या. सप्टेंबर २०१९ मध्ये, कोणालाही सक्तीने माहुलला पाठवू नका, असा आदेश झाला. स्वच्छ हवा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे वाक्य आपण पुस्तकात वाचतो. इथे त्याला दरमहा रुपयांत किंमत लावली गेली.

१३ ऑगस्ट २०२० ला लवादाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई लावली: एजिस लॉजिस्टिक्स १४२ कोटी, हिंदुस्तान पेट्रोलियम ७६.५ कोटी, भारत पेट्रोलियम ६७.५ कोटी आणि सी लॉर्ड कंटेनर्स २० लाख. हा पैसा परिसरातलं प्रदूषण निस्तरण्यासाठी होता. आकडा मोठा आहे आणि वर्तमानपत्रांत त्याचाच मथळा झाला. पण त्या साऱ्या हिशेबात फुप्फुसं कुठे आहेत? माझ्यासमोर बसलेल्या बाईंची एकदाही स्पायरोमेट्री झालेली नव्हती. फुप्फुसांची क्षमता मोजणारी, नळीत जोराने फुंकायची, पाच-दहा मिनिटांची तपासणी. ती २०१७ मध्ये, किल्ली हातात देताना झाली असती आणि दर वर्षी होत राहिली असती, तर दमा आधीचा की नंतरचा हा प्रश्न निदान अर्धा सुटला असता. हजारो कुटुंबांची शासनाकडे यादी होती, खोली क्रमांकासकट. घर पाडताना फोटो काढले गेले, बोटांचे ठसे घेतले गेले. श्वास कोणी मोजला नाही.

त्या बाई नंतर भाडं घेऊन बाहेर पडल्या, मुलाच्या नोकरीच्या सोयीने कळव्याला गेल्या. एकदा फोनवर म्हणाल्या, पंप महिन्यातून दोनदा लागतो. यावरून मी काही सिद्ध करत नाही. कळव्याची हवाही काही महाबळेश्वरची नाही.

२०२५ मध्ये महापालिकेने याच वसाहतीतल्या नऊ हजारांहून अधिक खोल्या आपल्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना विकायला काढल्या, प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपयांना. मुंबईत त्या पैशात घर म्हटल्यावर मोह कोणाला होणार नाही? सफाई कामगार, शिपाई, वॉर्डबॉय यांच्यापैकी अनेकांची फुप्फुसं कामावरच धूळ आणि धूर घेतात. माझं महापालिकेला सांगणं आहे की जो कोणी तिथे राहायला जाईल त्याची आणि घरातल्या प्रत्येकाची ताबा देण्याच्या दिवशी स्पायरोमेट्री आणि रक्ताची साधी तपासणी करावी, दर वर्षी ती पुन्हा करावी, आणि इमारतींच्या गच्चीवर बेंझिन मोजणारं यंत्र लावून त्याचे आकडे तळमजल्यावर फळ्यावर लिहावेत. के. ई. एम. याच महापालिकेचं आहे. माणसं तिचीच, दवाखाने तिचेच, खोल्या तिच्याच. आणि केसपेपरवर तंबाखू-बिडीच्या खाली एक ओळ वाढवावी: या पत्त्यावर किती वर्षं?